सहा हाडं, अकरा मानकरी

सारी-केचूच्या शिक्षक महाविद्यालयात 'चोलपोन' नावाचं चार पानी विद्यार्थी वृत्तपत्र दर पंधरवड्याला निघायचं आणि त्याचे तीनशेच्या तीनशे अंक तीन दिवसांत संपायचे. त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नव्हतं. फाटकापाशी सूर्यफुलाच्या बिया विकणाऱ्या बायकांना पुड्या बांधायला तो कागद फार सोयीचा पडायचा.

वृत्तपत्राचं ऑफिस जिन्याखाली होतं. आत जाताना मान वाकवायची आणि बाहेर येताना डोकं आपटायचं, अशी तिथली पद्धत. एक टेबल, दोन खुर्च्या, एक म्हातारा कॉम्प्युटर आणि भिंतीवर एक काळा फळा. फळ्यावर मुलांची नावं आणि प्रत्येक नावापुढे खडूच्या उभ्या रेघा. तीन रेघा झाल्या, की प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, फोटोवालं वार्ताहराचं कार्ड मिळायचं. आणि त्या वर्षी कार्ड मिळवणाऱ्याला उन्हाळ्यात महिनाभर राजधानीच्या, बिश्केकच्या, मोठ्या वर्तमानपत्रात कामाला पाठवणार होते. रेघ मिळायची छापून आलेल्या एका बातमीला. पण एखाद्या बातमीची दुरुस्ती छापावी लागली, की अगाय ओलं फडकं घेऊन उठत आणि त्या नावापुढच्या सगळ्या रेघा पुसून टाकत. पुन्हा श्रीगणेशा.

अगाय म्हणजे गुरुजी. तसं सगळ्याच शिक्षकांना म्हणतात, पण जिन्याखाली नुसतं अगाय म्हटलं, की ते सोवेतबेक गुरुजी. त्यांनी तीस वर्षं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात काढली होती. लोकर किती निघाली, गाईंनी दूध किती दिलं, याचे आकडे छापण्यात त्यांची जवानी गेली. "मी छापलं तेवढं दूध खरंच निघालं असतं ना," ते म्हणत, "तर आज हे गाव तळ्याच्या तळाशी असतं." त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून की काय, म्हातारपणी ते पोरांच्या मानगुटीवर बसले होते. प्रत्येक गोष्ट दोन तोंडांनी, म्हणजे दोन वेगवेगळ्या माणसांनी, सांगितलेली हवी. जो सांगेल त्याचं नाव, काम आणि वय वहीत हवं. आणि बातमीत 'उत्साहात' हा शब्द सापडला, की ते लाल पेन्सिलीने तो असा खोडत की कागद फाटायचा.

बुरुल दुसऱ्या वर्षाला होती. आपण गणिताची शिक्षिका होणार असं तिने घरी सांगून ठेवलं होतं, कारण वार्ताहर व्हायचंय म्हटलं असतं तर आई म्हणाली असती, दुसऱ्यांच्या घरात डोकवायला कॉलेज कशाला लागतं, ते तर आपली शेजारीणही करते. पण बुरुलचा जीव त्या कार्डात अडकला होता. वसतिगृहाच्या बंद बॉयलरवर एक बातमी, ग्रंथालयातून गायब झालेल्या पुस्तकांवर एक बातमी. दोन रेघा झाल्या होत्या. तिसरी बातमी तिच्या वाट्याला आली ती महाविद्यालयाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची. मे महिना होता, आणि बिश्केकला पाठवायच्या मुलाचं नाव महिनाअखेरच्या सोमवारी कळवायचं होतं.

सोहळा झाला झोकात. मैदानावर लोकरीच्या नमद्याचे तीन तंबू उभारले, तंबूमागे एक असे तीन मेंढे कापले, जिल्ह्याहून पाहुणे आले, भाषणं झाली आणि ती संपेपर्यंत रस्सा दोनदा तापवावा लागला. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला आणि ताटं फिरवायला विद्यार्थिनी होत्या. बुरुल मुख्य तंबूत होती. एप्रनच्या खिशात वही, वहीत पेन्सिल.

दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणलं: 'सोहळा अत्यंत उत्साहात पार पडला. उपस्थितांनी भोजनाचा आनंद घेतला.'

अगायनी लाल पेन्सिल उचलली. "हा उत्साह कुठे ठेवला होता गं? टेबलावर की खाली?"

"म्हणजे... सगळे खूश होते, अगाय."

"ते तुला कोणी सांगितलं? तू काय पाहिलंस ते लिही. कोण कुठे बसलं, कोणाच्या पुढे काय आलं. डोळे आहेत ना? मग वापर की."

बुरुलने डोळे वापरले. वहीत सगळं टिपलेलं होतंच. आता आपल्याकडे पंगतीत मेंढ्याचं कुठलं हाड कोणाच्या पुढे ठेवायचं, हे वाढणाऱ्याच्या मर्जीवर थोडंच असतं? कमरेचं हाड, जम्बाश, सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला. त्या खालोखाल नडगी. मग मांडी, खांदा, असं वयाच्या उतरंडीने खाली खाली येत धाकट्यांच्या हाती मणके. माणसाचं वजन किती, हे त्याच्या पुढ्यातल्या हाडावरून कळतं. हे सगळे पाहतात, सगळे लक्षात ठेवतात आणि कोणीही कधी लिहून काढत नाही. बुरुलने लिहून काढलं. मुख्य तंबूतलं एक जम्बाश जिल्ह्याच्या पाहुण्यांना. दुसरं 'महाविद्यालयातील सर्वांत ज्येष्ठ म्हणून' क्रीडाशिक्षक शेरअली यांना. उपसंचालक तुरगुनबाय यांना नडगी. आणि तसंच खाली, पार लेखनिकापर्यंत.

सर्वांत ज्येष्ठ कोण हे तिने ताडून पाहिलं होतं. पन्नाशीच्या निमित्ताने जिन्यात शिक्षकांचे फोटो लावले होते, प्रत्येकाखाली जन्मसाल. शेरअली १९४७. त्याच्या आधीचं कोणी नाही.

अगायनी वाचलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "छाप."

त्या अंकाच्या पुड्या झाल्या नाहीत. बिया विकणाऱ्या बायकांनीच आधी तो वाचून काढला, मग गिऱ्हाइकांना वाचून दाखवला. दुपारपर्यंत गावात एकही अंक शिल्लक नव्हता. बुरुलला वाटलं, आपण जिंकलो. फळ्यावर तिसरी रेघ ओढायला अगायनी खडू हातात घेतला, तेवढ्यात दार उघडलं आणि उपसंचालक तुरगुनबाय आत आले. मान वाकवायचं विसरले, त्यामुळे आल्या आल्याच डोकं आपटलं. त्याने प्रकरण काही सोपं झालं नाही.

"बुरुल कोण?"

"मी, अगाय."

"तू वाढत होतीस की हेरगिरी करत होतीस? नडगी? मला? अगं, जम्बाश माझ्या पुढे होतं!"

"अगाय, ताट मीच ठेवलं होतं. शेरअली अगायांच्या पुढे..."

"मला शिकवू नकोस! पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. जम्बाश उपसंचालकांना मिळालं. ठळक अक्षरात. नाहीतर ही खोली झाडूवाल्यांना हवीच आहे, त्यांचे झाडू पावसात भिजतात." जाताना त्यांनी पुन्हा डोकं आपटलं.

खरी गोम वृत्तपत्राचा संपादक मेदेर याला ठाऊक होती. मेदेर शेवटच्या वर्षाला होता आणि तुरगुनबायांच्या गल्लीतच राहायचा. "त्यांनी घरी काय सांगितलं माहितीये? जम्बाश मलाच मिळालं होतं, पण मोठ्या मनाने पाहुण्यांना देऊन टाकलं. उरलेलं पिशवीतून घरी आणतात ना सगळे? पिशवीतून निघाली नडगी. बायकोने तेव्हा विश्वास ठेवला. आता तिचे तीन भाऊ आपला अंक घेऊन घरी आलेत. सगळ्यात धाकटा तर मोठ्याने वाचून दाखवतोय म्हणे."

बुरुलने फळ्याकडे पाहिलं. दुरुस्ती म्हणजे फडकं. फडकं म्हणजे बिश्केक गेलं. आणि तेही खरं लिहिल्याबद्दल! तिला रडू यायला लागलं आणि रडू येतंय याचा संतापही आला.

"खरं असेल तर दुरुस्ती नाही," अगाय शांतपणे म्हणाले. खडू त्यांनी पुन्हा डबीत ठेवला होता. "पण खरं आहे हे मला दोन तोंडांनी सांगायला हवं. तुझे डोळे हे एक तोंड. दुसरं शोधून आणा. जा दोघं."

ही शोधमोहीम सोपी असेल असं दोघांना वाटलं होतं. सुरुवात त्यांनी लेखापालापासून केली. तो दुसऱ्या तंबूत होता.

"जम्बाश ना? मलाच मिळालं," लेखापाल म्हणाला. "म्हणजे काय, मी नको नको म्हणत होतो."

संगीतशिक्षक तिसऱ्या तंबूत. त्यांनाही जम्बाश. भूगोलवाल्यांनाही. ग्रंथपालाला जम्बाशच मिळालं होतं, पण "लहान". इमारतीचा रखवालदार, वय एक्केचाळीस, म्हणाला, "आता खोटं कशाला बोलू? माझ्या पुढे जम्बाशच आलं. चुकून आलं असेल, पण आलं." जो तो आधी इकडे तिकडे बघायचा, मग आवाज खाली आणायचा, मग तेच सांगायचा. बुरुल नाव, काम, वय लिहीत गेली. संध्याकाळी मेदेरने पायरीवर बसून बेरीज केली.

"मेंढे तीन. एका मेंढ्याला कमरेची हाडं दोन. म्हणजे जम्बाश सहा."

"बरोबर."

"आणि खाणारे अकरा."

"उपसंचालक धरून?"

"ते धरले तर बारा. जिल्ह्याच्या पाहुण्यांना तर अजून विचारलंच नाही."

तेव्हा अंधार पडायच्या आत दोघं थेट शेरअलीकडे गेली. क्रीडाशिक्षक शेरअली हा आडदांड, भोळा माणूस. पोरांना बघून त्याने सुस्कारा सोडला. "मिळालं रे बाबांनो, मिळालं. आणि तुम्ही छापलंत तेव्हापासून तुरगुनबाय नमस्कारसुद्धा घेत नाही माझा. हे बघा." त्याने कपाट उघडलं. व्हॉलीबॉलच्या दोन कपांच्या मधोमध, स्वच्छ धुऊन, पुसून ठेवलेलं जम्बाश होतं. "आयुष्यात पहिल्यांदा मिळालं. टाकवेना."

हा पुरावा पाहून बुरुलचा जीव भांड्यात पडला. पण हाडाला तोंड नसतं, असं अगाय नक्की म्हणतील हेही तिला कळत होतं. तोंड हवं. मग ज्याने ताटं लावली त्यालाच विचारावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच स्वयंपाकघरात गेली.

ताटं लावली होती उलकान-आपाने. महाविद्यालय सुरू झालं तेव्हापासून त्या स्वयंपाकघरातली चूल आपाच पेटवत आलेली. वाफेत उभी राहून राहून चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ झाला होता, जीभ मात्र अजून तिखट होती.

"आलीस? सगळ्या गावाला विचारून झालं, मग चुलीची आठवण झाली होय?"

"आपा, मुख्य तंबूतलं दुसरं जम्बाश कोणाच्या ताटात घातलं?"

"शेरअलीच्या. संचालकांनी चिठ्ठी दिली होती, कोणाला काय. मी स्वतः घातलं."

"आणि तुरगुनबाय अगायांना?"

आपा खुदकन हसली. "नडगी. तो खरा शेरअलीहून मोठाच आहे गं. पहिल्या वर्षाला आला तेव्हा मिशी फुटलेली होती त्याला, शेरअली मात्र अजून माझ्याकडे दूध मागायचा. पण कागदावर तुरगुनबाय धाकटा. मग नडगी."

बुरुलला हे सगळं हवंच होतं. दुसरं तोंड मिळालं! तिने भराभर लिहून घेतलं आणि सवयीने पुढे विचारलं, "तुमचं पूर्ण नाव, आपा? काम स्वयंपाकीण. आणि वय?"

"एकोणऐंशी."

'एकोणऐंशी' लिहून झालं आणि पेन्सिल थांबली. बुरुलने तो आकडा पुन्हा वाचला. शेरअली बासष्ट. जिन्यातल्या फोटोंमध्ये त्याच्या आधीचं कोणी नव्हतं, हे खरं. पण जिन्यात फोटो होते ते शिक्षकांचे. स्वयंपाकघराचे फोटो कोणी काढले होते? 'महाविद्यालयातील सर्वांत ज्येष्ठ म्हणून', असं तिने छापलं होतं. एका भिंतीच्या भरवशावर. एकाच तोंडावर.

"आपा," ती चाचरत म्हणाली, "मग त्या दिवशी सगळ्यात मोठ्या तर तुम्हीच होतात."

"मग? ते काय तुला आज कळतंय?" आपाने कढईत पीठ सोडलं. "आणि मला कशाला लागतंय जम्बाश? दात कुठायत माझे? त्या दिवशी आतडी धूत होते मी, तिन्ही मेंढ्यांची." थोडा वेळ ती नुसती ढवळत राहिली. मग बुरुलकडे पाठ करूनच म्हणाली, "पण विचारायचं तरी कोणीतरी. नको म्हणाले असते ना मी."

बुरुलला इतकं ओशाळल्यासारखं झालं की वही मिटून ती नुसतीच उभी राहिली. आपल्या घरात पाहुणा यावा आणि आपण त्याला बसासुद्धा म्हणू नये, तसलं काहीतरी तिच्या हातून झालं होतं. आणि तंबूत त्या दिवशी ती स्वतः, वही घेऊन, डोळे उघडे ठेवून हजर होती.

त्याच दुपारी उपसंचालकांनी दुरुस्तीचं काय झालं म्हणून बोलावणं धाडलं. बुरुल आणि मेदेर दोघंही गेली.

"छापतो ना, अगाय," मेदेर नम्रपणे म्हणाला. त्याला असलं बोलणं छान जमायचं. "फक्त कारण द्यावं लागेल. जम्बाश वयाने मिळतं. शेरअली अगाय सत्तेचाळीस सालचे. मग तुमचं साल..."

"पंचेचाळीस!" तुरगुनबायांनी छाती पुढे काढली. "त्या दोन वर्षांनी धाकट्या माणसाच्या पुढे जम्बाश, आणि मी नडगी चोखत बसायचं?"

बुरुलने लिहून घेतलं. "पंचेचाळीस. म्हणजे वय चौसष्ट." मग तिने अगदी निरागसपणे विचारलं, कारण तिला खरंच लिहायचं होतं, "अगाय, जिन्यातल्या फोटोखाली एकोणपन्नास आहे. दोन्ही छापू, की कुठलं एक?"

तुरगुनबायांची पुढे काढलेली छाती आत गेली. महाविद्यालयाचा नियम असा, की त्रेसष्ट पूर्ण झाली की उपसंचालकाने खुर्ची सोडायची. तुरगुनबायांच्या लहानपणी गावच्या कारकुनाने त्यांचा कागद चार वर्षं उशिरा केला होता, आणि त्या आळशी कारकुनाला ते गेलं वर्षभर मनोमन दुवा देत होते. पंगतीत त्यांना चौसष्ट व्हायचं होतं आणि खुर्चीत साठच राहायचं होतं.

"हे... वय वगैरे छापायलाच हवं का?"

"आमचा नियमच आहे, अगाय. नाव, काम, वय."

तुरगुनबायांनी उठून खिडकी लावली. मग उघडली. "मला वाटतं," ते खिडकीकडे बघत म्हणाले, "नडगीच असेल. गर्दी होती. नडगीही काही वाईट नसते. तुम्ही अभ्यास करा, परीक्षा जवळ आल्यात."

बाहेर आल्यावर मेदेरने बुरुलच्या पाठीत असा रट्टा दिला की ती दोन पायऱ्या एकदम उतरली. "वाचलीस! आता तुझ्या बातमीवर कोणाची तक्रार नाही. सोमवारी नाव जातंय तुझं."

"मेदेर, बातमी चुकलीये." तिने आपाचं सांगितलं.

मेदेर ऐकता ऐकता गंभीर झाला. मग म्हणाला, "आपाने तक्रार केली का?"

"नाही."

"दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलंय? आपले अगायसुद्धा वाचून गेले ना ते. मग गप्प बस की, येडे. बिश्केकहून आल्यावर लिही हवं तर. आपावर एक मोठा लेख लिही, फोटोसकट. तिलाही बरं वाटेल."

त्याचं म्हणणं इतकं शहाणपणाचं होतं की बुरुलला त्यात खोट काढता येईना. तिने खूप प्रयत्न केला. आई म्हणेल शिक्षिका हो. होईन, पण आधी एक महिना तरी त्या मोठ्या ऑफिसात बसू दे. तिने मनातल्या मनात बिश्केकचं ते ऑफिस किती वेळा पाहिलं होतं, तिचं टेबल खिडकीशी होतं. गप्प बसणं किती सोपं होतं! फक्त जेवायच्या वेळी ताट घेऊन आपाच्या समोरून जायचं तेवढं अवघड होतं. दोन दिवस ती जेवायलाच गेली नाही, बिया खाऊन राहिली. बियांची पुडी जुन्या 'चोलपोन'ची होती.

शनिवारी तिने अगायांच्या टेबलावर कागद ठेवला. अगायनी चष्मा लावून वाचला: 'मागील अंकात शेरअली यांना महाविद्यालयातील सर्वांत ज्येष्ठ म्हटले होते. ते चूक आहे. सर्वांत ज्येष्ठ उलकान-आपा आहेत, स्वयंपाकीण, वय ७९. त्या दिवशी त्यांच्या पुढे कोणतेही हाड ठेवण्यात आले नाही, कारण त्यांना पंगतीला बसवलेच नव्हते. त्या आतडी धूत होत्या. जम्बाश विचारले असते तर दात नसल्यामुळे आपण नको म्हटले असते, परंतु कोणी विचारले नाही, असे त्यांनी सांगितले. चूक वार्ताहराची आहे. - बुरुल'

"ही दुरुस्ती मागितली कोणी?"

"कोणीच नाही."

"तिने?"

"नाही. छापू का म्हणून मी विचारलं तिला. म्हणाली, छाप, मला कोण काढून टाकतंय."

अगायनी चष्मा काढला. "इतकी वर्षं मी तिच्या हातचं खातोय," ते स्वतःशीच पुटपुटले. "आणि छाप म्हणालो." मग ते उठले, फडकं ओलं केलं आणि बुरुलच्या नावापुढच्या दोन्ही रेघा पुसल्या. नियम तो नियम. बुरुलने ठरवलं होतं रडायचं नाही, पण फळ्यावरची ती ओली काळी जागा पाहून तिला रडू आवरेना, आणि अगायनी तिला आवरायलाही सांगितलं नाही. बिश्केकला त्या वर्षी व्हॉलीबॉलच्या बातम्या लिहिणारा एक मुलगा गेला. त्याने वर्षभर नुसते गुण छापले होते, त्यामुळे त्याची चूक कधी झालीच नव्हती.

अंक निघाला. याही अंकाची पुडी झाली नाही. बिया विकणाऱ्या बायका आल्या-गेल्याला थांबवून विचारायला लागल्या, "काय हो, एवढे शिकलेले तुम्ही, म्हातारीला आतडी धुवायला बसवता?" संचालक दोन दिवस फाटकाऐवजी मागच्या कुंपणातून ये-जा करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात टेकले आणि एक मेंढा आणवला.

या वेळी तंबू नव्हते, भाषणं नव्हती. भोजनगृहातच सगळे जमले. स्वयंपाक पहिल्यांदाच पुरुषांनी केला आणि मीठ दोनदा पडलं. मानाच्या जागेवर उलकान-आपाला बसवलं होतं. नवा पांढरा रुमाल डोक्याला बांधून, हात मांडीवर ठेवून ती ताठ बसली होती. बसून जेवायची सवय नसल्यामुळे मधेच उठायला जायची आणि शेजारी कोणीतरी तिला खाली बसवायचं. बुरुल भिंतीशी उभी होती, वही हातात. कार्ड नसलं तरी बातमी तिचीच होती, असं अगायनी सांगितलं होतं.

"बाईमाणसाला जम्बाश?" मागून कोणीतरी कुजबुजलं.

"मान वयाचा असतो, मिशीचा नाही," शेरअली मोठ्याने म्हणाला, आणि त्याच्याशी वाद घालण्याइतकं दणकट तिथे कोणी नव्हतं.

संचालकांनी स्वतःच्या हाताने ताट आणलं. वाफाळतं जम्बाश, दोन्ही हातांनी, कमरेत वाकून आपाच्या पुढे ठेवलं. "आपा, घ्या."

तुरगुनबायांसकट सगळे बघत होते. आपाने त्या हाडाकडे पाहिलं. आयुष्यभर तिने अशी हाडं शिजवली होती, ताटात घातली होती, दाराबाहेर पाठवली होती. घाई काही तिला नव्हती. तिने रुमालाचं टोक सारखं केलं, संचालकांकडे पाहिलं, मग एकेका चेहऱ्याकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली.

संचालक तसेच वाकलेले. "आपा, निदान चवीपुरतं..."

"नको म्हटलं ना," आपा म्हणाली, आणि या खेपेला तर ती तो शब्द अगदी चघळून बोलली. मग ती मागे रेलून बसली आणि हसायला लागली. बुरुलने दोन्ही वेळचं 'नको' वहीत लिहून घेतलं.